पूजेतले मोहरे

ऋतुजाला राग आला की ती भांडी घासते. दसऱ्याच्या सकाळी भवानी पेठेतल्या त्या घरात घासायचं एकही भांडं उरलं नव्हतं, राग मात्र होता तेवढाच होता.

कारण विरेशकाका. आणि काकाने कुणाला न सांगता घरात आणलेला बुद्धिबळाचा नवाकोरा संच.

ऋतुजाचे आजोबा शरणप्पा, म्हणजे घरातले अज्जा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना तरुणपणापासून एकच नाद, जुने रशियन संच. सोव्हिएत काळात तिकडे शिकायला गेलेले डॉक्टर-इंजिनियर येताना ते घेऊन यायचे. अज्जा त्यांच्या माळ्यांवरून, जुन्या बाजारातून ते हुडकून काढायचे. आता काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती, पण बोटं शाबूत होती. मोहऱ्यावर अंगठा फिरवला की म्हणायचे, "हा खरा. हा कालपरवा केलेला."

ऋतुजालाही त्यांनी ते शिकवलं होतं. खऱ्या संचातला घोडा हाताने कोरलेला, म्हणून प्रत्येकाचं तोंड वेगळं. नकलेतले घोडे म्हणजे जुळे भाऊ. खरा मोहरा हलका. नकली भारदस्त वाटावा म्हणून त्याच्या बुडात लोखंड भरतात. आणि खऱ्याचं व्हार्निश जिथे माणसांची बोटं लागली तिथे चहासारखं तपकिरी झालेलं असतं.

अज्जांच्या सगळ्यात लाडक्या संचावर दोघं रोज संध्याकाळी खेळायची. त्याच्याच जोरावर यंदा ती जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिली आली होती आणि शाळेच्या पायऱ्या दोन-दोन करत चढायला लागली होती.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. वर्कशॉपची सवय म्हणून अज्जा पाना, हातोडी आणि हा संच शेजारी शेजारी मांडायचे. यंदाही चाचपडत एकेका मोहऱ्याला हळदकुंकू लावलं. बोटं ओल्या हळदीने माखलेली, म्हणून तेव्हा कळलं नसावं. दसऱ्याला सुट्टी म्हणून सकाळीच डाव मांडायला घेतला आणि त्यांचा हात थांबला.

"ऋतू, हे आपलं न्हाय."

ऋतुजाने घोडे उचलले. चारही जुळे भाऊ.

"आमच्या साहेबांना लई आवडला गं तो, म्हणून दिला," काका मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. "माझ्या बदलीचं काम होतं. त्याच्यासारखाच मागवलाय की. दिसायला सेम हाय."

"मग मी पण तुझ्यासारखा दिसणारा एक काका मागवते. चालेल?"

"तोंड बघ पोरीचं."

"परत आण तो."

"बघतो."

बघतो म्हणे. ती संच उचलून थेट कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाली तेव्हा अज्जांनी अडवलं.

"ठेव. त्याची पूजा झालीय. पुजलेली वस्तू बाहेर टाकायची न्हाय. आता तो घरचाच." मग एक प्यादं चाचपत म्हणाले, "पण खेळवत न्हाय बघ ह्याच्यावर. परक्याचा हात धरल्यासारखं वाटतंय."

संध्याकाळी पट मांडलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऋतुजा शाळेतून यायची तेव्हा अज्जा खुर्चीत बसून एकेक मोहरा अंगठ्याने चोळत असायचे. शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग भिंतीपलीकडे खडखडत असायचे आणि त्याच ठेक्यात अंगठा फिरायचा.

"काय करताय अज्जा?"

"सवय लावतोय."

"तुम्हाला का त्याला?"

अज्जा हसले नाहीत.

मग एका संध्याकाळी तेच म्हणाले, "मांड." तिने प्यादं उचललं आणि दचकली. ते हलकं होतं. आपलाच भास म्हणून तिने सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात राजाच्या मानेपाशी व्हार्निश तपकिरी झालं. मग घोडे. एकाचे कान मागे गेले. एकाचा खालचा ओठ लोंबला. जुन्या संचातल्या अशाच लोंबत्या ओठाच्या घोड्याला ती लहानपणी गल्लीतल्या मायाप्पाचं नाव घेऊन चिडवायची.

डाव चालू असतानाच तिने काकाला फोन लावला. "चोरून परत आणून ठेवलास ना? सांगायला जीभ झिजली असती तुझी?"

"काय आणलं? मी आत्ता साहेबांकडंच बसलोय. थांब."

फोटो आला. साहेबांच्या हॉलमधलं काचेचं कपाट, आत संच. तिने फोटो मोठा केला. काळ्या हत्तीच्या बुडाच्या कडेला मागे कधीतरी पूजेत निरांजनाने भाजल्याचा डाग होता.

तिने मूठ उघडली. तिच्या हातातल्या हत्तीलाही तोच डाग होता.

आता रागवायचं कुणावर तेच कळेना, म्हणून ती जास्तच चिडली. काकावर, साहेबांवर, त्या लाकडावर. हा संच माळ्यावर टाकून द्यावा असंही तिच्या मनात आलं. पण पलीकडे अज्जा तिचा वजीर मारून लहान पोरासारखे खिदळत होते. "फोनवर बोलत खेळतीस व्हय? घे आता." इतक्या दिवसांनी. तिने पुढची खेळी केली.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. ऋतुजा अज्जांना रिक्षाने बँकेत घेऊन गेली. चन्नप्पा नावाचा ओळखीचा क्लार्क होता. त्याने अंगठ्याचं मशीन पुढे सरकवलं.

लाल दिवा लागला.

"दुसरं बोट ठेवा अज्जा."

पुन्हा लाल.

"अहो, दरवर्षी तर घेतंय," ऋतुजा तडकली. "मशीन खराब असेल तुमचं."

चन्नप्पाने स्वतःचा अंगठा ठेवला. हिरवा.

"हात धुऊन या बघू."

त्यांनी हात धुतले. पुसले. लाल.

"म्हातारपणी रेषा झिजतात कधी कधी," चन्नप्पा म्हणाला आणि अज्जांचा हात उजेडात धरून वाकून बघायला लागला. मग त्याने तो झटकन सोडून दिला.

ऋतुजाने रागारागाने अज्जांचा अंगठा आपल्या चिमटीत घट्ट धरला, मशीनवर दाबायला. तो गुळगुळीत होता. गार होता. आणि किंचित चिकट, नुकतंच व्हार्निश लावलेल्या मोहऱ्यासारखा.

तिने हात काढून घेतला.

अज्जांच्या अंगठ्यावर एक ठसा उमटला होता, सगळ्या बारीक रेषांसकट. तो तिच्या बोटाचा होता.