अर्ध्यावर झोपलेलं वाक्य

"निळ्या दाराच्या आत गार गार…"

"…खोली आहे, तिथे भिंतीतून…"

"…वारा येतो, नळीतून, पण आज…"

"…पाचव्या मुलीला तो…"

सकाळची चार मुलं, चार कागद. भूलतज्ज्ञ बाईंची जुनी सवय होती. पोटात दुर्बीण घालण्याआधी शिरेतून औषध सोडताना त्या मुलाला विचारत, "येताना काय काय पाहिलंस?" मूल बोलता बोलता झोपी जाई. शेवटचे शब्द आणि वेळ त्या कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवत.

दुपारी सह्या करायला त्यांनी चारही कागद एकाखाली एक ठेवले आणि पेन हातातच राहिलं. चारही मुलं वेगवेगळ्या घरची. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही.

योगायोग, असं म्हणून त्यांनी चहा मागवला. तो निवला. दुर्बिणीच्या खोलीचं दार निळं होतं. भिंतीतल्या ऑक्सिजनच्या नळीखाली बाटलीतलं पाणी बुडबुडत होतं. भिंतीतला बंद पडलाच तर लागणारा जादा सिलिंडर मात्र कोपऱ्यात नव्हता.

"शेजारच्या खोलीत असेल," नर्स म्हणाली. "एकच तर आहे. दोन्हीकडच्या यादीत त्याच्यावरच टिक करतो आम्ही."

बाई जाऊन बघून आल्या. काटा शून्यावर होता.

पाचवी पेशंट सहा वर्षांची, पहाटेपासून उपाशी, बाबांच्या खांद्यावर फुरंगटून बसलेली. "ठकूताई, उठलीस की आइस्क्रीम," बाबा तिला पलंगावर ठेवत म्हणाले.

दुर्बीणवाले डॉक्टर हातमोजे चढवून तयार होते. "चला बाई, दहा मिनिटांचं काम."

"भरलेला सिलिंडर आल्याशिवाय औषध देणार नाही."

"भिंतीतला चालू आहे की. आणि सकाळपासून चौघांना दिलंतच ना?"

"चुकले. पाचव्यांदा चुकणार नाही."

"मग नर्स देईल. थोडंसंच तर द्यायचंय."

"थोडंसं म्हणजे किती, हे मुलांची फुप्फुसं तुम्हाला विचारून ठरवत नाहीत." बाईंनी भरलेली सिरिंज बेसिनमध्ये रिकामी केली. "खुशाल तक्रार करा. माझं नाव ठळक लिहा."

डॉक्टर नर्सकडे वळले. नर्स जागची हलली नाही.

ठकू भिंतीकडे बघत होती. टक्क जागी. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"…मिळणार नाही," ती म्हणाली.

"काय मिळणार नाही, बाळा?"

"मी कुठे काय बोलले, बाबा?"

बाटलीतले बुडबुडे थांबले.

कुणीतरी नळीचा खटका वरखाली केला. पाणी हललं नाही. डॉक्टरांनी हातमोजे काढले.

एकोणीस मिनिटं ते पाणी तसंच स्थिर होतं. तेवढा वेळ बाई ठकूचा हात धरून उभ्या होत्या, आणि ठकू आइस्क्रीमबद्दल भांडत होती.

पहिल्या कागदावर वयाच्या रकान्यात अकरा महिने लिहिलेलं आहे. ते बाळ अजून बोलायला लागलेलं नव्हतं.