रिकाम्या जात्याचं लग्न

आधीच सांगून ठेवतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. एका टंचाईच्या साली, मेहकरच्या कोष्टीपुऱ्यात, रिकाम्या जात्यावर एक लग्न जमलं.

इंद्रभान कोष्टी धोतरं विणायचा. गिरणीच्या कापडानं धंदा अर्धा बसवला होता, उरलेला टंचाईनं. ज्याच्या पोटाला नाही, तो अंगाला काय घेणार? तेव्हा नागपूरच्या सरकारला दया आली. डोणगावच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. पण दयेलाही कुंपण: हाताला घट्टे असतील तोच मजूर. मुकादम एकेकाचा तळहात दाबून बघायचा. इंद्रभानचे हात सूत हाताळून लोण्यासारखे. हे तर सावकाराचे हात, असं सगळ्यांदेखत म्हणत मुकादमानं त्याला हाकललं. कालपासून पाण्यावर राहिलेला सावकार!

रांगेत त्याच्या मागे अन्नपूर्णा उभी होती. लोकांची दळणं दळून ती मायला पोसायची. लोकांचा दाणा सरला आणि तिचा धंदाही. तिचे घट्टे बघून मुकादमानं तिला लगेच कामावर घेतलं. जाता जाता ती इंद्रभानपाशी थांबली…

"दाखवा बरं हात."

"काऊन? तूही मुकादम झाली काय?"

तिनं न शिवता, वाकून बघितलं. "अगं बाई… माह्याहून नाजूक. सांजच्याले घरी या. जात्याचा खुंटा धरला की घट्टे येतात."

"अन् दाणे?"

"दाणे असते तं तुमाले कशाले बोलावलं असतं?"

रिकामं जातं फिरवू नये, घरात अवदसा येते म्हणतात. ती तर आधीच पाय पसरून बसली होती. रोज सांजेला दोघं समोरासमोर, एकाच खुंट्याला दोन हात… माय राखण करायची, आणि मधूनच उगाच डोळे मिटायची. घरघर ऐकून शेजारणी वाटी घेऊन पीठ उसनं मागायला यायच्या. जात्याभोवती पिठाचा कणही नाही हे बघायच्या, आणि रिकामी वाटी घेऊन परतायच्या.

इंद्रभानच्या हाताला फोड आले.

"दुखते?" तिनं हळूच विचारलं.

"फोडाचं काय… पण अशा हाताले सूत लागलं की तुटते. कोष्ट्याचे हात मारून कोष्ट्याले जगवते हे सरकार!"

"मंग नका धरू खुंटा."

"सोडला तं…" तो जात्याकडे बघत म्हणाला, "तुह्या हाताजवळ हात ठेवाले दुसरी जागा कुठं हाये?"

जातं थांबलं. मग तिनंच ते पुन्हा फिरवलं — जरा जोरात.

घट्टे आले, काम मिळालं, दोघं जगली. टंचाई सरल्यावर लग्न ठरलं. तिचं लग्नाचं लुगडं आपणच विणायचं म्हणून इंद्रभान मागावर बसला, आणि सूत हाताला अडकून तुटू लागलं. तेव्हा काय सांगू, अन्नपूर्णेनं त्याच्या तळहातावर नुसती फुंकर घातली, आणि घट्टे पाकळ्यांसारखे गळून पडले! लुगडं असं तलम विणलं, की घडी बोराच्या आठळीत मावली, आणि…

चुलीपाशी भाकर थापणाऱ्या म्हाताऱ्या अन्नपूर्णाबाईनं मान वर केली.

"खोटं. गिरणीचं लुगडं नेसून उभी राह्यली मी लग्नाले. अन् तुमचे घट्टे कुठं गळले हो? अजून खांद्यावर हात ठेवता, तं सूत ओढते माह्या लुगड्याचं."