चाक काही वाळेना

कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, पण म्हशाच्या जत्रेला जायचं तर तेव्हाही बैलगाडीच हवी. सहदेवची गाडी तर गाडी कसली, चाकांवरचं घरच. वर तट्ट्यांचं छप्पर, आत चूल, अंथरुणं, जत्रेत विकायचे लाकडी पाळणे, आणि या सगळ्यावर हुकूम चालवणारी त्याची ठमाआत्या. कल्याणच्या शेणाळे तळ्याच्या काठी गाडी आली नि तिचं उजवं चाक मोडलं.

पाण्याला आलेली तुळसा कळशी कमरेवर घेऊन बघतच राहिली.

"धंदा काय तुमचा?"

"सुतार."

"अगं बाई... सुतार, आणि चाक मोडलं?"

"पाळणे करतो मी. पाळण्याला चाक नसतं," सहदेव ओशाळून म्हणाला.

ती पदराआड हसली. "चला मग. माझा बा चाकंच करतो."

तुळसा ही भिवा सुताराची एकुलती एक लेक. कळत नव्हतं तेव्हा लग्न झालं आणि कळायच्या आत नवरा गेला. त्यांच्यात विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न व्हायचं, स्थळंही आली, पण हिने सगळ्यांना नाही म्हटलं. भिवाने शेवटी विचारायचंच सोडून दिलं.

त्याने नवं चाक जोडून अंगणात उन्हाला लावलं. "खडखडीत वाळलं की लोखंडी धाव तापवून चाकाभोवती चढवायची. ओल्यावर चढवली तर पुढे लाकूड आटतं नि धाव निसटते. तोवर पाव्हणे, आमचं तळं बघा. घोडी घेऊन जा."

घोडीचं नाव मैना. ती परक्याला पाठीवर घेऊन पाऊल टाकील तर शपथ. मग तुळसाने लगाम धरला. वर सहदेव, खाली तुळसा, असं ते ध्यान रोज संध्याकाळी तळ्याला फेरी घालू लागलं. ती त्याला मिटणारी कमळं दाखवी, पाणकोंबड्या दाखवी. तो बघायचा भलतीकडेच.

"तळं तिकडे आहे."

"दिसतंय मला."

"काय दिसतंय?"

"...तळंच."

तुळसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरून तिच्या शेजारून चालू लागला.

"उतरलात का?"

"वरून तुमचं बोलणं नीट ऐकू येत नाही."

पौषातलं ऊन लख्ख होतं, पण चाक काही वाळेना. भिवा रोज सकाळी चाकाला हात लावी, मान हलवी आणि म्हणे, "दव फार पडतंय." ठमाआत्याचा जीव वरखाली होई. "जत्रा चुकली तर वर्षभर खायचं काय रे? पाळणे?"

ते ऐकलं की तुळसाला घास गोड लागेना. कारण रोज दिवेलागणीला चाकावर तांब्याभर पाणी तीच ओतत होती. चाक वाळलं की हा माणूस जाणार, हे तिला सोसवत नव्हतं. पण म्हातारीच्या पोटावर पाय देऊन त्याला थांबवायचं, हेही मनाला पटेना. त्या संध्याकाळी तिने तांब्या उचललाच नाही. रडू आलं, पण नाही उचलला.

सकाळी चाक पुन्हा ओलं.

दिवेलागणीपासून ती गोठ्याच्या कुडाआड उभी राहिली. निजानीज झाल्यावर सहदेव आला, इकडेतिकडे पाहिलं आणि चाकाच्या मधल्या तुंब्यावर त्याने अख्खा तांब्या उपडा केला.

"सुतार ना तुम्ही?"

तांब्या हातातून निसटला. "म्हणून तर ठाऊक आहे, कुठे ओतलं की ओल टिकते."

"जत्रा चुकेल की."

"जत्रा दर वर्षी येते, तुळसा. चाक दर वर्षी इथंच मोडेल कशावरून?"

तिचे डोळे भरले. "मीही ओतत होते... परवापर्यंत."

"मग थांबलात का?"

"आत्यांसाठी. तुम्ही जा जत्रेला. पण... परत या. या वेळी मी नाही म्हणणार नाही."

"मी अजून विचारलं कुठे?"

"मग विचारा की."

त्याने विचारलं. तिने हो म्हटलं. आणि ओसरीवर भिवा खाकरला.

"दव वरून पडतं रे बाबांनो, तुंब्याच्या भोकात नाही पडत. मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस, बा?"

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुला कुणी थांबावंसं वाटलं. मी कशाला घाई करू?"

जत्रेहून परतल्यावर पाट लावायचा ठरला. तोवर ठमाआत्या काठी घेऊन चाकाच्या पहाऱ्याला बसली, आणि काय नवल, चाक लगेच वाळलं. शेण्यांच्या आगीत लाल झालेली धाव चाकावर चढली. लाकूड धुमसू लागलं. आता झटकन पाणी पडायला हवं, म्हणजे लोखंड आवळतं, नाहीतर चाक जळायचं.

भिवाने दोन भरलेले तांबे पुढे केले, एक लेकीला, एक होणाऱ्या जावयाला.

"घ्या. आता ओता हवं तेवढं."

दोघांनी एकदमच ओतलं, आणि धाव चाकाला गच्च बसली.