तुरळक नावाचं गाव

"काय पडलं?"

मागून आवाज आला तेव्हा दत्तात्रेय गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून, जमिनीत रोवलेल्या जस्ताच्या नळकांड्यात बघत होता. त्याने मान वळवली. मागे एक मुलगी उभी होती. डोक्यावर रिकामी टोपली, काष्टा गुडघ्यापर्यंत ओढलेला, पोटऱ्यांवर मिठाची पांढरी नक्षी वाळलेली… आणि डोळ्यांत निव्वळ चौकशी.

"काही नाही पडलं," तो म्हणाला.

"मंग शोधता काय?"

"काही पडलं नाही ना, ते बघतोय."

वेडा माणूस दिसला तर पळायचं की आधी टोपली खाली ठेवायची, याचा ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग तिने टोपली खाली ठेवली.

"रोज बघता?"

"रोज. सकाळी साडेआठला. मग सायकलने उरणला जाऊन पुण्याला तार करतो."

"काय म्हनून?"

"शून्य."

"आनि सरकार त्याचा पगार देतंय?"

"वेळेवर देतं."

"बरा हाय," ती म्हणाली आणि टोपली उचलून बांधावरून चालू लागली. दहा पावलांवर गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. दत्तात्रेय पुन्हा नळकांड्यात बघत होता. पण आत काही दिसत नव्हतं, आणि ते कोरडं असल्यामुळे नव्हे.

सन एकोणीसशे एकोणसाठ. शिमगा तोंडावर आला होता. उरणच्या अलीकडे खाडीकाठी शेवखार नावाचं गाव. तिथे गोडं पाणी कमी आणि मीठ उदंड. या गावात पाऊस मोजायला एक माणूस हवा, असं हवामान खात्याला वाटलं, आणि तो माणूस त्यांनी जानेवारीत पाठवला. पाऊस तिथे जूनमध्ये पडतो. मधल्या काळात दत्तात्रेयाने खंड न पाडता शून्य पाठवलं. ते त्याने मन लावून पाठवलं. नळकांडं रोज पुसून, वहीत शून्य गोल काढून, खाली सही करून. तारमास्तर त्याला लांबून पाहिलं की म्हणत, "या, आज काय विशेष?" आणि हसण्याआधीच तारेचा कागद भरायला घेत.

मुलीचं नाव मैना. बुधाजीची एकुलती एक. बुधाजीचं मिठागर पर्जन्यमापकाच्या पाठीलाच होतं, त्यामुळे मैनेची टोपली रोज साडेआठला तिथूनच जायची. आधी ती साताला जायची, असं लोक म्हणत. दत्तात्रेयाला हे माहीत नव्हतं.

"काय पडलं, शून्यसायब?"

"शून्य पडलं."

"लागलं नाय ना कुठं?"

असं रोज चालायचं. खाडीवरून खारा वारा यायचा, तिच्या पदराचं टोक त्याच्या वहीवर यायचं, आणि त्या दिवशीचं शून्य जरा वाकडं निघायचं.

आता मूळ घोटाळ्याकडे येऊ.

ग्रामपंचायतीचा रेडिओ मारुतीच्या देवळाच्या ओसरीत असायचा. संध्याकाळी बातम्यांनंतर हवामान लागलं की सगळे मिठागरवाले कान देऊन बसत. मीठ तयार व्हायच्या दिवसांत अवकाळी सर आली तर महिनाभराचं काम अर्ध्या तासात खाडीला परत जातं. रेडिओवरची बाई शांत आवाजात सांगायची, "कोकण किनारपट्टीवर हवामान कोरडे राहील. घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी हलक्या सरी पडतील."

आणि बुधाजी कपाळावर हात मारून घ्यायचा. "आयला, परत तुरलक!"

तुरळक म्हणजे कुठे कुठे, विरळ विरळ, हे शेवखारात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. रेडिओवरची बाई ठिकाण म्हणते, म्हणजे ठिकाण असणारच. तुरळक हे घाटावरचं एक गाव आहे आणि त्याच्यावर देवाचा काहीतरी राग आहे, हे ओसरीत केव्हाच ठरलं होतं. वाद होता तो फक्त ते माथेरानच्या मागे की खंडाळ्याच्या पुढे, एवढाच. गुणाजी नावाचा म्हातारा तर तिथून एकदा एसटीने गेला होता. "लई चिखल," एवढंच तो सांगायचा, आणि पुढचं बोलवत नसल्यासारखा गप्प व्हायचा.

दत्तात्रेयाने हे ऐकलं तेव्हा त्याला खुलासा करायचाच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैनेने विचारलं, "तुमचं गाव कंचं, सायब?"

त्याचं गाव खोपोलीच्या वर, घाटाच्या पायथ्याला. पण दत्तात्रेयाला चेहरा सरळ ठेवून वाकडं बोलायची लहानपणापासून खोड होती. तो म्हणाला, "तुरळक."

ती हसेल म्हणून तो थांबला. ती हसली नाही. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि हळू आवाजात विचारलं, "अगो बाय… मंग कपडे कुठं वालवता?"

इथे माणसाने खरं सांगावं. पण ते डोळे इतके जवळ आले होते की…

"चुलीवर," तो म्हणाला.

झालं. पुढचे पंधरा दिवस तुरळक वाढत गेलं. तिथे मूल जन्मलं की पाचवीला उशाशी छत्री ठेवतात. तिथली कुत्री भुंकायच्या आधी अंग झटकतात. तिथे आरशात तोंड दिसत नाही, नुसती वाफ दिसते, म्हणून तुरळकची माणसं दिसायला कशी आहेत ते त्यांनाच माहीत नसतं.

"तुमाला बी नवतं म्हाईत?"

"शेवखारात आल्यावर कळलं."

"मंग? वाईट वाटलं असंल," असं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. बिचारीला गहिवरून आलं, असं दत्तात्रेयाला वाटलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तर तिने वडाच्या पानात बांधलेली मिठाची पुडी आणली. "तुमच्या आयेला पाठवा. तिकडं मीठ ऱ्हात नसंल. पानी व्हत असंल."

ती पुडी त्याने आईला पाठवली नाही. ती त्याने उशाखाली ठेवली. पाठोपाठ आणखी तीन आल्या. उशी उंच झाली, मान आखडली, आणि मान आखडलेल्या अवस्थेत एका पहाटे त्याच्या लक्षात आलं की ही मुलगी आपल्याला जन्मभर साडेआठला दिसली पाहिजे.

बुधाजीचाही त्याच्यावर जीव होता. पावसात वाढलेला पोरगा म्हणून तो त्याला उन्हात बसवायचा. "बस, जरा सुकव आंग," म्हणायचा. त्यामुळे दत्तात्रेयाने धीर करून एकदा मिठागराच्या बांधावर विषय काढला. जात जुळत होती, नोकरी सरकारी होती. बुधाजीने विडी विझवली.

"दत्तू, तू मानूस सोन्यासारका. पन तुरलक?" त्याने समोरच्या पांढऱ्या राशींकडे बघितलं. "माजी पोर मिठात वाढलेली. तुज्या गावात ती इरगलून जाईल, बाबा."

"पण बुधाजीकाका—"

"पाडव्याला करंजा गावचे पावने पोरीला बगाया येनार हायत. त्यांच्याकडं ऊन हाय."

दत्तात्रेय घरी आला आणि चार पुड्यांवर डोकं ठेवून विचार करू लागला. तुरळक नावाचं गावच नाही, असं सांगावं तर खोटारडा ठरणार. नाही सांगावं तर ओला ठरणार. बुधाजी ओल्याला मुलगी देत नव्हता. पण खोटारड्याला तर तो विडीसुद्धा देत नव्हता. पुढचे तीन दिवस त्याने नुसती शून्यं पाठवली.

पाडव्याला दोन दिवस उरले असताना रेडिओवरची बाई म्हणाली, "उद्या दुपारनंतर कोकण किनारपट्टीवर व घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस पडण्याची शक्यता आहे."

ओसरीत सगळ्यांनी हळहळून दत्तात्रेयाकडे पाहिलं. बुधाजीने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घरी कागद टाक. मानसं बरी हायत का इचार." आणि स्वतः निर्धास्त मनाने झोपायला गेला. तुरळक ऐकल्यावर किनारपट्टी कोणी ऐकलीच नव्हती; पाऊस तुरळकला होता, त्यामुळे शेवखारात मीठ झाकायची गरज नव्हती. सर नेमकी इथेच येईल असं थोडंच आहे, अशी दत्तात्रेयानेही स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दत्तात्रेय दारात उभा होता. पूर्वेला कर्नाळ्याचा सुळका रोज बोटासारखा दिसायचा. आज तो दिसेना. त्याच्या जागी घाटाकडून जांभळा ढग उतरत होता. खारा वारा पडला, आणि उलट बाजूने, डोंगराकडून, ओल्या मातीचा वास घेऊन थंड झुळूक आली.

तो धावत सुटला. सायकल दाराशीच होती, हे त्याला अर्ध्या वाटेवर आठवलं.

बुधाजी बांधावर बसून विडी ओढत होता. मिठाच्या वाफ्यांच्या कडेने ताजं ओढलेलं मीठ उघडं पडलं होतं.

"काका! मीठ झाका! पाऊस येतोय!"

"तुरलकला," बुधाजी समजुतीने म्हणाला. "बस. दमलास."

"तुरळक नावाचं गाव नाही!" दत्तात्रेयाला धाप लागली होती. "जगात कुठेच नाही. तुरळक म्हणजे… इथे तिथे, कुठेही. इथेसुद्धा! मी खोपोलीचा. ती छत्री खोटी, कुत्री खोटी, वाफ खोटी. मी खोटं बोललो. मला हाकला, पोरगी देऊ नका… पण आधी मीठ उचला!"

विडी बुधाजीच्या ओठांवरच राहिली. खाडीपलीकडे ढग गुरगुरला.

"म्हंजी गुनाजी जाऊन आला तो?" बुधाजीने विचारलं.

"आबा, उठा आता," मागून मैनेचा आवाज आला. "राशींवर मी दुपारीच पेंडा टाकलाय. हे कडंचं तेवडं ऱ्हायलंय. तुरळक म्हंजी विरळ. चौथीच्या पुस्तकात हाय."

दत्तात्रेयाने वळून पाहिलं. ती पेंढ्याचा भारा कमरेवर घेऊन उभी होती. पण त्याचं लक्ष भाऱ्याकडे नव्हतं. तुरळक. विरळ. ळ! सगळं गाव 'तुरलक' म्हणत होतं, ती स्वतः पंधरा दिवस 'तुरलक' म्हणत होती… आणि आता हा ळ कसा निघाला होता, घाटावरच्या शाळामास्तरासारखा, टाळूला जीभ लावून!

"तुला माहीत होतं?"

"पैल्या दिसापासून."

"मग ते पदर तोंडाला लावून रडत होतीस—"

"रडत?" मैना म्हणाली. "हसून पोटात कल आली माज्या. ती कुत्र्यांची गोष्ट ऐकून तर घरी जाऊन लोलले."

"मग बोलली का नाहीस?"

"मना बगायचं व्हतं," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचे डोळे हसत नव्हते. "खोटं बोलनारा मानूस खरं कदी बोलतो ते. पावसाच्या आदी, का पाऊस पडून गेल्यावर."

पहिला थेंब मिठावर पडला आणि त्याने बारीकशी खळी पाडली. मग तिघंही धावली. बुधाजी टोपल्या भरत होता, मैना वाहत होती, आणि ज्याने आयुष्यात टोपली उचलली नव्हती तो सरकारी नोकर दोन टोपल्या एकदम उचलून बांधावर सपशेल आडवा झाला, उठला, आणि पुन्हा दोन उचलल्या. सर आली ती हलकी आली. ती थांबली तेव्हा पाच-सात टोपल्या मीठ खाडीला गेलं होतं. बाकी सगळं पेंढ्याखाली होतं. दत्तात्रेय केसांपासून पायांपर्यंत भिजला होता, आणि वरून मिठाने माखला होता.

बुधाजी त्याच्याभोवती एकदा फिरला, मीठ लावून वाळत घातलेला मासा बघावा तसा.

"इरगलला न्हाय," तो मैनेला म्हणाला.

"न्हाय," मैना म्हणाली.

"आज तुज्या नोकरीत पैल्यांदा तू पाऊस पडायच्या आदी सांगितलंस, दत्तू. खोटं बोललास ते वाईट. पन येलेवर सोडलंस." बुधाजीने भिजलेली विडी फेकली. "करंज्याच्या पावन्यांना निरोप धाडतो. पन एक सांगतो. जावई तुरलकचा म्हनून आख्ख्या उरनच्या बाजारात सांगून बसलोय मी—"

"पण काका, तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"तुला न्हाई म्हनालो. बाजारात व्हय म्हनून बसलो व्हतो. आता मना खोटं पाडायचं न्हाय. तू तुरलकचाच."

अशा रीतीने शेवखारात दत्तात्रेय तुरळककर झाला, ते आजतागायत आहे. गुणाजीने तर लग्नात सांगितलं, की मी या पोराला तिथे लहानपणी पाहिलंय, चिखलात.

पण लग्न नंतरचं. सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दत्तात्रेय नळकांड्यासमोर बसला होता. तीन महिन्यांत पहिल्यांदाच आत काहीतरी होतं. त्याने ते मोजपात्रात ओतलं, डोळ्यांसमोर धरलं. पाण्यातून पलीकडचा बांध दिसत होता, आणि बांधावर टोपली.

"काय पडलं, सायब?"

"तीन मिलिमीटर."

"लई हाय का थोडं?"

"तुरळक."

ती हसली. या वेळी पदर तोंडाला लावला नाही. टोपली खाली ठेवून ती त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि एक डोळा मिटून नळकांड्यात वाकून बघू लागली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला.

"आनि आजून?" तिने आत बघतच विचारलं. "आजून काय पडलं?"

दत्तात्रेयाने वहीत तीन लिहिलं. सही केली. शाई वाळायची वाट पाहिली.

"अजून…" तो म्हणाला, "मी."

"लागलं नाय ना कुठं?"

"लागलं," तो म्हणाला. चेहरा सरळ होता, पण या वेळी तो खरं बोलत होता.