जाहिरात संपेपर्यंत

ही घटना खरी आहे. संपलेली मात्र नाही, म्हणून लिहायला हात कचरतोय.

भुताच्या गोष्टी रात्रीच असतात असं आपण धरून चालतो. ही भर दुपारची आहे. यंदाचा वैशाख. जामखेडच्या पुढं, खर्ड्याच्या बाजूला एक वस्ती आहे. तिथं माझी मावशी राहायची, विजयमाला. जे झालं ते तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत झालं. मी तिच्याच तोंडून ऐकलं, आणि शेवटचं थोडं स्वतः पाहिलं.

कुणाला थापा वाटल्या तर वाटू देत. ज्यांच्या घरी टीव्हीवर फुकटची ॲप आहेत त्यांनी मात्र पूर्ण वाचा.

मावशीचे मालक, कल्याणकाका, दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळले होते. ऊसतोडीला गेले असताना फडातच त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मूळचा माणूस भलताच बोलका. ऊस तोडता तोडता गाणी म्हणायचे, लोकांच्या नकला करायचे, अख्खी टोळी हसून बेजार व्हायची. त्या तोंडातून आता नुसती घरघर यायची, तीही तहान लागली तर.

मावशी त्यांचं सगळं करायची. भरवणं, धुणं, कूस बदलणं. तिची कुरकुर कधी कुणी ऐकली नाही. तिला एकच गोष्ट आतून खात होती. तिला त्यांचा आवाज ऐकायचा होता. एकदा, फक्त एकदा त्यांनी तिला "अगं" म्हणून हाक मारावी.

बाकी तिला काही नको होतं.

तिचा मुलगा अजिनाथ नगरला एमआयडीसीत कामाला. पाडव्याला आला तो टीव्ही घेऊनच. वायफाय बसवलं. डिशचं रिचार्ज कोण करत बसणार, म्हणून त्यानं तीन फुकटची ॲप टाकून दिली. पहिल्यात जुने मराठी पिक्चर, पण जाहिरातींचा सुळसुळाट. दुसऱ्यात दिवसभर चालणाऱ्या बातम्या आणि भजनं. तिसऱ्यात मारधाडीचे डब केलेले पिक्चर, जाहिराती त्या मानानं कमी.

"आई, हे तिसरं लावत जा. आन् जाहिरात आली की हे स्किपचं बटन दाब. लगीच जाती."

"फुकट दाखवतेत तर त्यांचं पोट कशावर भरतं रं?"

"जाहिरातीवरच की."

"मंग बटन कशाला दाबायचं? त्यांनी बी खाल्लं पायजे."

अजिनाथ हसला आणि दुसऱ्या दिवशी कामावर निघून गेला.

मावशीनं पहिलंच ॲप लावलं. काकांना जुने पिक्चर आवडायचे म्हणून.

त्या दुपारी ऊन असं होतं की बाहेर कुत्रंही दिसत नव्हतं. काकांना पेज भरवून मावशी मागच्या खोलीत भांडी घासायला बसली. पुढच्या खोलीत पिक्चर चालू होता. मग जाहिरात लागली. साबणाची असावी, कसलंसं गाणं होतं.

आणि त्या गाण्याच्या वरून...

"न्हाई, यंदा न्हाई जमायचं."

मावशीच्या हातातला तांब्या सुटला.

तो आवाज टीव्हीतला नव्हता. सत्तावीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याचा आवाज बाईला कळतो. ती पदरानं हात पुसत धावली. काका तसेच पडलेले. तोंड वाकडं. टीव्हीवर पिक्चर पुन्हा सुरू झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती भांड्यांना गेलीच नाही. दाराशी बसून राहिली.

पिक्चर चालू होता तोवर काकांचे डोळे अर्धे मिटलेले. जाहिरात लागली...

डोळे टक्क उघडले.

ते टीव्हीकडे बघत नव्हते. मावशीकडेही नाही. खाटेच्या पायथ्याला प्लास्टिकची खुर्ची होती, तिकडं बघत होते.

"बसा की," काका म्हणाले. स्वच्छ. एकही अक्षर अडखळलं नाही.

खुर्चीत कुणी नव्हतं.

"पानी घेता का?"

जाहिरात संपली. ओठ पुन्हा एका बाजूला ओघळले.

आपण असतो तर किंचाळत बाहेर पळालो असतो. मावशी रडली, पण आनंदानं. तिनं काकांची आलाबला घेतली, साखर काढून देवापुढं ठेवली आणि अजिनाथला फोन लावला.

"तुजं वडील बोललं रं!"

"डॉक्टर म्हनले हुतेच, हळूहळू येईल वाचा. टीव्ही चालू ठेव, आई. बरं वाटतंय त्यांना."

मग तिनं तिन्ही ॲप लावून बघितली. मारधाडीच्या पिक्चरला जाहिराती कमी, तिथं काका दुपारभर गप्प. भजनांमध्ये एखादीच जाहिरात, तिथं एखादाच शब्द. जुन्या पिक्चरच्या ॲपवर दोन-तीन जाहिराती लागोपाठ यायच्या, तिथं काका पुरं वाक्य बोलायचे.

तिनं पुन्हा मुलाला फोन केला.

"समद्यात जास्ती जाहिराती कशात असत्यात रं?"

अजिनाथला वाटलं, आईला उन्हाचा त्रास झाला. "आई, लोकं जाहिराती नको म्हनून पैशे भरत्यात!"

"तू सांग तर खरं."

त्यानं चौथं ॲप सांगितलं. दर थोड्या वेळानं जाहिरातींचा गठ्ठाच यायचा आणि स्किपचं बटणच नव्हतं. ते कुणीच ठेवत नाही. मावशीनं ठेवलं.

काका आता बोलायला लागले. पण एकाच बाजूचं बोलणं ऐकू यायचं. ते बोलायचे, थांबायचे, कुणाचं तरी ऐकायचे, पुन्हा बोलायचे. मावशीनं मध्ये काही विचारलं तर तिच्याकडं वळून बघायचेही नाहीत.

"कोयता आता धरवत न्हाई ओ..."

"व्हय, तितं हात चालंल म्हनता?"

मावशी उशाशी बसून ते शब्द कानात साठवून घ्यायची. कुणाशी बोलतात, याचा विचार ती येऊ देत नव्हती. पण डोळे तर उघडे होते ना.

खुर्ची जागेवर राहत नव्हती. ती रोज सकाळी झाडताना पायथ्याला सरकवून ठेवायची. संध्याकाळी बघावं तर खुर्ची खाटेच्या मध्यापर्यंत आलेली.

मग वास यायला लागला. ऊस तोडून झाल्यावर शेतात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला पेटवतात, तो वास. वैशाखात त्या माळावर कुठला आलाय ऊस? कोसभर हिरवं पान नव्हतं. तरी जाहिरात लागली की खोलीत तो वास भरायचा... आणि नंतर खुर्चीवर काळी राख सापडायची. बोट लावलं की मोडणारी.

एके दुपारी लंकाबाई आली. शेजारच्या वस्तीवरची म्हातारी, पूर्वी मावशीच्याच टोळीत ऊसतोडीला जायची. काका बोलतात हे ऐकून भेटायला आलेली. दोघी चहा घेत बसल्या होत्या. जाहिरात लागली.

"येतो म्हनलं की मुकादम," काका म्हणाले. "पर येकटा. अर्धा कोयता घ्या."

लंकाबाईनं कपबशी खाली ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. टोळी जमवणारा मुकादम जोडीच्याच शोधात असतो. आणि एकदा त्याला तोंडानं हो म्हटलं की सुटका नाही. दसरा झाला, ट्रक दारात आला की निघायचं.

"विजे," लंकाबाई हळू आवाजात म्हणाली, "ह्यो आपल्या टोळीच्या गहिनीनाथ मुकादमाशी बोलतूय."

मावशीनं खुर्चीकडं बघितलं.

"ट्रॉलीखाली घावून मेला त्याला चार वर्सं झाली गं. अर्धा कोयता त्यानं जित्तेपनी कदी घेतला न्हाई, आता काय घील? बंद कर ती टीव्ही. माज्या गळ्याची आन हाय तुला."

मावशीनं टीव्ही बंद केला.

दोन दिवस बंद ठेवला. घरात तीच जुनी शांतता. काकांची घरघर, पंख्याची खरखर. मावशी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. तिला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला सगळं कळलं होतं. पण दोन वर्षं उपाशी असलेल्या माणसाला चार घास भरवून ताट ओढून घेतलं तर तो काय करील?

तिसऱ्या दुपारी तिनंच रिमोट उचलला.

पिक्चर सुरू व्हायच्या आधीच जाहिराती लागल्या. सिमेंट, मसाले, मग आणखी काही. काका घामाघूम झाले होते. खुर्ची खाटेला टेकली होती... आणि मावशीनं आज ती पायथ्यालासुद्धा ठेवली नव्हती, भिंतीकडं तोंड करून पार कोपऱ्यात ठेवली होती.

"तिला न्हाई म्हनलं ना!" काका ओरडले. "तिच्या मानंचं दुकनं अजून गेलं न्हाई. तिनं लई वाहिलंय. मला न्या. आत्ता न्या. मी येकटा येतो!"

मावशीला हे मात्र आत्ता कळलं. हा माणूस इतके दिवस, जाहिरातीमागून जाहिरात, एवढ्यासाठी भांडत होता. तिच्यासाठी. तिनं मात्र त्या दुसऱ्याला बोलायला जास्तीत जास्त वेळ मिळवून दिला होता, शोधून शोधून.

तिनं टीव्ही बंद करायला हवा होता. रिमोट हातातच होता.

पण सगळ्या हयातीत हा माणूस तिच्याशिवाय कधी घराबाहेर पडला नव्हता. दर दसऱ्याला दोघं एकाच ट्रकवर चढायची. ती तोंडावर पदर घेऊन रडली आणि त्या रडण्यात बोलून गेली...

"कुटं निगालात मला टाकून? मी बी येती की."

जाहिरातीचा आवाज थांबला. चित्रं हलत होती, आवाज नव्हता.

काकांनी मान वळवली. पहिल्यांदाच तिच्याकडं बघितलं.

"अगं..." ते म्हणाले. "अगं, काय बोल्लीस गं हे?"

खुर्ची कर्रकन मागं सरकली. कुणीतरी उठावं तशी. पाचटाचा वास मावशीच्या अगदी अंगावरून गेला आणि दाराचा पडदा हलला. बाहेर वारा नव्हता.

काम झालं होतं. त्याला पूर्ण कोयता मिळाला होता.

काका त्यानंतर कधीच बोलले नाहीत. मावशीनं दिवसभर जाहिराती लावून ठेवल्या, हातापाया पडली, काही उपयोग झाला नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यातून तेवढं पाणी वाहत राहायचं. आषाढात, अशाच एका दुपारी, ते गेले.

अजिनाथनं मावशीला नगरला आपल्या घरी नेलं. ती आजारी नाही. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. जेवते, झोपते, सुनेला हाताखाली मदत करते. घडलेलं तिनं आम्हाला सांगितलं ते रडत-रडत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं. अजिनाथनं धसका घेतला. लगेच पैसे भरून बिनजाहिरातीचं ॲप घेतलं, फुकटची सगळी काढून टाकली.

आम्हाला वाटलं, भागलं.

मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. माझ्या मोबाईलवर सहज एक व्हिडिओ लावला. मावशी जमिनीवर मेथी निवडत बसली होती. जाहिरात लागली...

तिचे हात थांबले. ती शेजारच्या रिकाम्या जागेकडं वळली.

"तितं पानी जवळ हाय का?"

थोडं थांबली. मान हलवली.

"आन् ह्यांना गरम भाकर कोन करून घालतं?"

तिनं काहीतरी ऐकलं आणि हसली. काका गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मला ते बघवलं नाही. मी घाईघाईनं स्किप दाबलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरून आले होते.

"बोलू द्यायचं की रं. ह्यांचंच सांगत हुता."

"मावशी, तू जायचं न्हाईस. कळलं का? बोलण्यानं काय होतं?"

"आसं कसं? जबान दिलीय." एवढं म्हणून ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

त्या घरात आता काहीच लागत नाही. टीव्ही बंद, मोबाईल मुके. पण भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा टीव्ही आहे. खालच्या किराणा दुकानात पोऱ्यानं फोन लावलेला असतो. रिक्षात, दवाखान्यात, बँकेत, सगळीकडं लोक फुकटात काहीतरी बघतायत आणि मध्ये जाहिराती चालू आहेत. अख्ख्या नगरचे पैसे आम्ही कुठून भरणार? आणि सून सांगते, दुपारी काम उरकलं की सासूबाई शेजारच्या भिंतीला कान लावून बसतात. उठवलं तर लहान पोरीसारख्या रुसतात.

आम्ही देवाचं केलं, जाणत्या माणसांना विचारलं. कुणी छातीठोकपणे काही सांगत नाही. लंकाबाईला फोन केला तर ती ऐकून घेऊन नुसतीच रडली.

काल रात्रीपासून मला झोप नाही. अजिनाथ सांगत होता, मावशीनं तिची दोन पातळं धुऊन, घड्या घालून गाठोड्यात बांधलीत. डोक्यावर मोळी घेताना लागते ती चुंबळ नवीन वळलीय. आणि सुनेला विचारलं, यंदा दसरा कधी हाय.

सुनेनं सांगितलं नाही. पण मावशी म्हणाली, ऱ्हाऊ दे, मी त्यालाच इचारते.