कुशाबाची जागा

वसंत सकपाळ अर्धे रिटायर झाले होते, म्हणजे काय, तर दुपारी घरी जायची मुभा मिळाली होती. चाळीस वर्षं दादरच्या एका टेलरकडे कटिंग मास्तर. मे महिन्यात शाळांच्या युनिफॉर्मची झुंबड, म्हणून मालक म्हणाला, "मास्तर, सकाळचं तेवढं येत जा." मास्तरांना तरी दुसरं काय हवं होतं! पहाटे साडेपाचला कुत्र्याला फिरवायचं, नऊ ते बारा खाकी कापडावर खडू आणि कात्री चालवायची, येताना बेकरीतून चहात बुडवायचे सहा कडक बटर घ्यायचे आणि लालबागला चाळीत येऊन गंजीफ्रॉकवर बसायचं. झकास चाललं होतं.

बटर हे कुत्र्याचंही नाव. बारा वर्षांपूर्वी त्याच बेकरीच्या पायरीवर सापडलेलं पिल्लू, रंगानं तसंच आणि खाणंही तेच. वसंतकाकांची बायको वर्षभर ठाण्याला मुलाकडे, हितेंद्रकडे होती, नातीला सांभाळायला. हितेंद्रच्या सोसायटीत कुत्रा चालत नाही, म्हणून काका इथे. चाळीतले लोक चिडवायचे, वसंतानं कुत्र्यापायी बायको सोडली. काका म्हणायचे, "ती रोज फोनवर ओरडते. हा बघ, कधी ओरडतो का?"

पण यंदाच्या उकाड्यानं काकांचं हसू पळवलं होतं. डॉक्टरांनी बटरच्या छातीला नळी लावून स्पष्ट सांगितलं होतं, "हृदय मोठं झालंय. हा आठवडा याला गार ठेवा. नाहीतर दगावेल." गार ठेवा म्हणे! चाळीच्या वायरिंगला पंखा जेमतेम झेपायचा, एसी कुठला लावता! शिवाय बाराच्या ठोक्याला लाइट जायची ती चारला यायची. ओली गोणपाटं झाली, बर्फाच्या लाद्या झाल्या. तीन दिवस बटरनं काही खाल्लं नव्हतं. जीभ बाहेर टाकून नुसता धापत होता. काकांना रात्र रात्र झोप नव्हती. हा गेला तर आपण कुणासाठी साडेपाचला उठायचं, एवढाच विचार.

त्या दिवशी साडेबाराला ते जिना चढून दुसऱ्या मजल्यावर आले. हितेंद्रनं दोनदा फोन केला होता. "बाबा, तुम्ही तरी या इकडे. चाळीस डिग्री आहे!" काका "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मजल्यावरची अर्धी बिऱ्हाडं नव्या बिल्डिंगच्या आशेनं केव्हाच बाहेर पडली होती. लांबलचक पॅसेज, कुलूप लागलेली दारं, कठड्यावर वाळून कडक झालेला एक टॉवेल. त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं, गोणपाट वाळलेलं, आणि बटर जाग्यावर नव्हता.

काका पिशवीसकट पुढे धावले.

तो पॅसेजमध्ये होता, शेजारच्या बंद चौदा नंबरसमोर. फरशीवर पाय ताणून, डोळे मिटून गाढ झोपला होता. धाप थांबली होती. पोट सावकाश वरखाली होत होतं. काकांना वाटलं, डोळे भरून यायला एवढं पुरतं.

त्यांनी वाकून फरशीला हात लावला आणि चमकले. माठाच्या पोटासारखी गार! वीतभर बाजूला हात नेला तर चटका. परत आत नेला, पुन्हा गार. आता कटिंग मास्तरच तो, गळ्यात टेप होतीच. गुडघ्यांवर बसून ते तळहातानं कडा चाचपत गेले आणि जिथे गारवा संपला तिथे खडूनं खुणा केल्या. लांबी पाच फूट चार इंच. वरच्या बाजूला रुंदी सतरा इंच, पुढे निमुळती. कुठल्याही शिंप्यानं बघताक्षणी ओळखलं असतं.

खालून पाण्याचा पाइप गेला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग आठवलं, की खालीही पॅसेजच आहे.

आणखी एक गोष्ट होती. बटर त्या खुणांच्या मधोमध झोपला नव्हता. अगदी कडेला सरकून पडला होता. काकांनी त्याला उचलून मध्ये ठेवलं. तो उठला, मुकाट कडेला गेला आणि पाठ टेकल्यासारखी करून पुन्हा झोपला.

"तिथं खडूनं काय गिरवतोयस रे वसंता?"

जाईबाई आपल्या दारात डोक्यावर ओला पंचा घेऊन बसल्या होत्या. वय अठ्ठ्याऐंशी. नातसुनेनं, मनालीनं, दोनदा आत बोलावलं तरी हलत नसत.

"मावशी, ही फरशी बघा किती गार आहे."

"असणारच की. कुशाबाची जागा ती."

"कोण कुशाबा?"

"तू यायच्या आधीचा. गिरणीत रातपाळीला होता. तेव्हा एकेका खोलीत दहा-दहा जण, मग जो तो पॅसेजमध्ये आपली जागा धरायचा. कुशाबाची दुपारची, चौदा नंबरसमोर. उजेड खपायचा नाही त्याला. भर मे महिन्यात तोंडावरून पांघरूण घेऊन निजायचा, मेला!"

"मग?"

"मग काय, एक दिवस उठलाच नाही. आम्ही आपली हळू चालतोय, पोरांना दटावतोय, रातपाळी करून आलाय, झोपू दे. पाळीची वेळ झाली तेव्हा कुणीतरी हलवून बघितलं." जाईबाईंनी पंचा झटकला. "त्याच्या जागेवर कुत्रा निजवतोयस तर विचार हो त्याला. तेव्हा रीतच होती. कुणी आपली जागा दिली, तर आपण त्याला आपली द्यायची."

गॅस बंद केलास ना, असं विचारावं इतक्या सहज त्या म्हणाल्या आणि पंचा पुन्हा भिजवायला आत गेल्या.

काकांचा भुतांवर विश्वास नव्हता. रीतीवर मात्र होता. शिवाय बटर तीन दिवसांनी झोपला होता, त्यासाठी त्यांनी फरशीलाच काय, कठड्यालाही नमस्कार केला असता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी अर्धवट हात जोडले.

"कुशाबा, एवढा उन्हाळा माझ्या कुत्र्याला तुमच्या जागेवर पडू द्या. बदल्यात आत माझी कॉट आहे, ती तुमची."

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच हसू आलं.

आत खोलीत कॉट करकरली. लोखंड तापलं की आवाज करतंच.

त्यांनी पिशवीतला बटर काढला, पाण्यात बुडवला आणि कुत्र्याच्या तोंडापुढे धरला. बटरनं एक डोळा उघडला, वास घेतला आणि खाल्ला. दुसराही खाल्ला. वर पाणी प्यायला, लपलप आवाज करत. "अरे माझ्या राजा!" काका म्हणाले आणि खरंच रडले. वाचला. हा आठवडा काढणार गडी!

आता त्यांनाही झोप येत होती. तीन रात्रींची राहिलेली झोप. खोलीत जाऊन भट्टीत कशाला पडायचं? जरा इथेच पाठ टेकू. ते खडूच्या खुणांमध्ये आडवे झाले.

बटरनं मान उचलून पाहिलं आणि त्यांच्या कुशीला पाठ लावली. त्यानं मघापासून राखून ठेवलेली जागा बरोब्बर भरली.

काय तो गारवा! मानेखालून, पाठीखालून, टाचांपर्यंत.

टाचांपर्यंत? काकांची उंची पाच फूट आठ इंच. चार इंच पाय तरी तापल्या फरशीवर यायला हवे होते. नव्हते आले. मापात चूक झाली असेल, त्यांना वाटलं. चाळीस वर्षांत पहिली.

चपलांचा आवाज आला. मनाली ताकाचा तांब्या घेऊन येत होती, रोज दुपारी द्यायची. काका तिच्याशी बोलायला उठणार होते, पण अंग इतकं सुखावलं होतं की हात उचलवेना.

ती त्यांच्या दारापाशी थांबली. आत डोकावली. मग हलकेच दार ओढून घेतलं.

"आजी, काका झोपलेत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "एवढ्या उकाड्यात तोंडावरून पांघरूण घेऊन!"

"झोपू दे," आतून जाईबाई म्हणाल्या. "बरेच दिवस जागलाय."

मनाली पाय न वाजवता पुढे आली. चौदा नंबरसमोर वाकली आणि बटरच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आणि तू काय रे," ती म्हणाली, "इथे एकटाच पडलायस?"