चौदावं नाव

ऋतिका, तो फोन आधी पालथा ठेव. आणि तनय, मधेच ‘काका, is this for real’ असं विचारायचं नाही. हे माझ्या स्वतःच्या घरात घडलंय. टार्निटला येण्याआधी आम्ही याच शहरात क्लेटनला राहायचो आणि परसातल्या छोट्या घरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, दोन मराठी मुलं भाड्याने ठेवली होती. पांढरी साडी आणि उलटे पाय हवे असतील तर आत्ताच झोपायला जा, ते माझ्याकडे नाहीत.

तारीख नऊ ऑक्टोबर दोन हजार आठ. गुरुवार, दसऱ्याचा दिवस. त्या संध्याकाळी सलिलचा फोन आला, की काका, युनिमधून एक जड मशीन घरी न्यायचंय, गाडी घेऊन येता का. काम एवढंच. मी ऑफिसमधून परस्पर गेलो. पायाने पेडल दाबलं की चालणारा आणि सोडलं की थांबणारा जुना कॅसेट प्लेयर होता, कानभर बसणारा हेडफोन होता आणि शेवटचं तपासायला मूळ कॅसेट होती. येताना तुमच्या सुचित्राकाकूने सांगितलेलं श्रीखंड घेतलं आणि घरी आलो.

सलिल पुण्याचा. युनित हिस्टरीचं मास्टर्स करायचा, इंग्रजी फर्डं, वागणं गोड. दुसरा मधू राणे, राजापूरच्या पुढच्या खेड्यातला. तोही इतिहासाचा एमए, पण इथे आला तो कुकरीच्या कोर्सवर. त्या वर्षांत निम्मी पोरं अशीच यायची. दिवसा कांदे कापायला शिकायचं, रात्री पेट्रोल पंपावर उभं राहायचं आणि पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीची, वाट बघायची. मधूचा कोर्स संपत आला होता, डिसेंबरात व्हिसा संपणार होता आणि पुढे काय ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता त्या कॅसेटविषयी. सलिलची एक प्रोफेसर होती, हेलन. तिच्या कुणा जुन्या सहकाऱ्याने चौऱ्याऐंशी साली रत्नागिरीला जाऊन एका म्हाताऱ्या खलाशाला बोलतं केलं होतं. अर्जुन सारंग त्याचं नाव. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम, आपल्याच गावची माणसं बोटीवर नेणारा. तर पंचेचाळीस साली इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डचांना ते पचलं नाही. इथल्या बंदरांतून बंदुका भरून ते परत राज्य घ्यायला निघाले. इथल्या गोदी कामगारांनी माल चढवायला नकार दिला. मग डचांनी बोटी चालवायला भारतीय खलाशी धरले. खोटं सांगून आणलेले, बरं का. सिडनीच्या धक्क्यावर अर्जुन सारंगच्या माणसांना कळलं, की खाली पेट्यांत काय आहे. दुसऱ्याच्या देशाला परत बेड्या घालायला आपण जायचं, आणि घरी आपला देश अजून इंग्रजांच्या हातात. ते बोटीवरून उतरले. परक्या मुलखात, अंगावरच्या कपड्यांनिशी.

ही सगळी हकीकत त्या टेपवर मराठीत होती, म्हणून वीस-पंचवीस वर्षं कुणी हात लावला नव्हता. हेलनने भाषांतराचं काम सलिलला दिलं, आणि सलिलला ती मराठी कळेना. पुण्याच्या पोराला समुद्रावरची बोली कुठून कळणार? सगळी टेप मधूने उलगडून दिली. पंपावरून पहाटे यायचा, अंघोळ करायचा आणि सलिलने करून आणलेली टेपची कॉपी हेडफोन लावून ऐकत बसायचा. म्हाताऱ्याच्या एखाद्या वाक्यावर तो पोट धरून हसायचा आणि सलिल नुसता त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा.

सलिल मधूवर जळायचा, मी कशाला आडपडदा ठेवू. सुचित्राने मधूच्या हातच्या बांगड्याच्या तिखल्याचं कौतुक केलं, की सलिल ताटावरून उठायचा. एकदा मधू युनित डबा द्यायला गेला, तर हेलनने त्याला तासभर बसवून घेतलं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो काय सांगत होता देव जाणे, पण ती वहीत लिहून घेत होती. दाराबाहेर उभा राहून सलिलने ते पाहिलं. दोन वर्षांत तिने माझं एक वाक्य लिहून घेतलं नाही, असं तो मला नंतर म्हणाला.

त्यात हेलनने सांगितलं, की भाषांतर ज्याचं, त्याला फेब्रुवारीपासून पीएचडीची एक जागा आहे, स्कॉलरशिपसकट. जागा एकच. पहिल्या पानावर दोन नावं लिहिली तर ती कुणाला निवडेल, हे सलिलला पक्कं माहीत होतं. शुक्रवारी सकाळी नऊला कागद द्यायचे होते.

टेपच्या शेवटी अर्जुन सारंग उतरलेल्यांची हजेरी घेतो. डेकवर घ्यायचा तशीच. नाव पुकारायचं आणि पलीकडून ‘हाय’, म्हणजे ‘आहे’, येईपर्यंत थांबायचं. एवढ्या वर्षांनी समोर कुणी नाही, तरी सवयीने थांबतो. आधी म्हणतो, पहिला मी उतरलो, माझ्या मागून चौदा जण. आणि नावं घेतो तेरा. मधूने हे बरोबर पकडलं. सगळ्या टेपभर सारंग कुणाला तरी नुसतं ‘तो’ म्हणतो, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. तो सलिलला म्हणाला, “आमच्याकडे मानावरून बिनसलं, की मरेपर्यंत त्या माणसाचं नाव तोंडात घेत नाहीत. शिडीवरून पहिला तोच उतरला असणार, आणि हा म्हणतो ‘पहिला मी’.”



दसऱ्याच्या रात्री श्रीखंडपुरी खाऊन मधू नाइट शिफ्टला गेला. सलिल शेवटचं तपासायला बसला. पहिलं पान टाइप झालं होतं आणि त्यावर एकच नाव होतं. हजेरी तेवढी एकदा ऐकायची आणि मशीन बंद करायचं. अकरा चाळीस झाले होते. मागच्या गल्लीत कुणाचातरी कुत्रा भुंकत होता, तो गप्प झाला.

“हसन मुजावर.” मग शांतता.

“गंगाराम भाटकर.” शांतता.

तिसऱ्या नावानंतर सलिलला वाटलं, टेप घासतेय. लांबून... वाऱ्यावरून यावं तसं...

“हाय.”

त्याने पेडल सोडलं. टेप थांबली. मागे घेऊन परत ऐकलं. काही नव्हतं. दमलोय, असं म्हणून त्याने पुढे चालवलं.

पाचवं नाव. “हाय.”

सहावं. “हाय.” वेगळा आवाज. जरा जवळून.

बारा... तेरा... प्रत्येकाला ओ. तेराव्याचा तर हेडफोनच्या बाहेरून आला, दाराजवळून.

मग टेपवर नेहमीची ती मोठी शांतता. सलिलला ती पाठ होती. आठ सेकंद, मग खोकला, मग खट्.

आठ सेकंद झाले.

खोकला आला नाही.

कुणीतरी श्वास घेत होतं... म्हातारा श्वास, छातीत घरघर असलेला. सलिलने पेडल सोडलं. टेपची चाकं थांबली. त्याने डोळ्यांनी पाहिलं, थांबली. श्वास चालूच.

“नाव घे रे.”

सारंगचा आवाज.

“माज्यानं नाय घेववलं... तू घे.”

सलिलने हेडफोन काढून फेकला. खोलीत मीठ आणि ओल्या दोराचा वास सुटला होता. आवाज आता खोलीतच. रागावलेला नव्हता, पोरांनो. विनवत होता...

“घे. एकच नाव हाय.”

सारंगला कुणाचं नाव हवं होतं? त्या खलाशाचं तर सलिलला माहीतच नव्हतं. पण कुठलं नाव घ्यायचं, ते त्याला कळलं. बरोबर कळलं. समोर लॅपटॉप उघडा होता. पहिलं पान समोर होतं. दोन शब्द टाइप करायचे...

त्याने केले नाहीत.

रात्री पावणेएकला त्याने माझं मागचं दार बडवलं. मला आवाज सांगितला, वास सांगितला. पहिल्या पानाचं सांगितलं नाही. आम्ही त्याला सोफ्यावर झोपवलं. सकाळी आठला उठून त्याने तोंड धुतलं, कागद काखेत मारले आणि युनिला गेला. एवढा घाबरलेला पोरगा, पण मत्सर त्याहून मोठा निघाला.

हेलनने नंतर विचारलं म्हणे, की तुझ्या मित्राने मदत केली का. सलिल म्हणाला, थोडीशी, स्पेलिंगची.

जागा सलिलला मिळाली. डिसेंबरात मधूला एअरपोर्टला मीच सोडलं. वाटेत एवढंच म्हणाला, “काका, त्या चौदाव्याचं नाव कळलं असतं तर बरं वाटलं असतं.”

पुढच्या मार्चमध्ये ते भाषांतर छापून आलं आणि युनित एका शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला. सलिलने आग्रहाने बोलावलं म्हणून मी गेलो. इंडोनेशियन लोक होते, गोदी युनियनचे दोन म्हातारे होते. मराठी कळणारे फक्त आम्ही दोघं, स्टेजवर तो आणि तिसऱ्या रांगेत मी. साडेसातला हेलन म्हणाली, आता ती हजेरी मूळ आवाजात ऐकू या. तीच कॅसेट, तेच मशीन.

तेरा नावं झाली. प्रत्येकानंतर शांतता, टेपवर असते तशीच. मी मनात आकडे मोजत होतो. एक... दोन... आठ.

खोकला आला नाही.

“मधू राणे.”

स्वच्छ. अर्जुन सारंगचा आवाज. चौऱ्याऐंशी साली भरलेली टेप, पोरांनो. मधू तेव्हा दोन वर्षांचा असेल.

मग खोकला... खट्. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती सगळी परकी नावंच होती, तेरा काय नि चौदा काय. मी सलिलकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता.

घरी नेताना गाडीत त्याने सगळं सांगितलं. पहिलं पान, दाराबाहेरून पाहिलेली हेलनची वही, सगळं. मी त्याला म्हटलं, उद्या जाऊन हेलनला सांग. तो हो म्हणाला. पण आठवड्याने त्याने पीएचडी सोडली आणि कुणाला न सांगता पर्थला गेला. त्याचं कारण आजही त्या डिपार्टमेंटमध्ये कुणाला माहीत नाही. मीही जाऊन सांगितलं नाही. ते मला अजून खातं.

कॅसेट मी नंतर हेलनकडून मागून घेऊन ऐकली. तेरा नावं, आठ सेकंद, खोकला. पुढे काही नाही. मग मी मधूला फोन लावला, नुसतं कसा आहेस विचारायला. तो आता राजापूरला शाळेत शिकवतो. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, की काका, त्या शुक्रवारी दुपारी तुम्ही फोन करायचा प्रयत्न केला होता का. मी म्हटलं, नाही, का? तर म्हणाला, “दुपारी दोनला जरा पडलो होतो. अंगणातून कुणीतरी म्हाताऱ्याने हाक मारली, पूर्ण नावाने. झोपेत मी ओ दिली. बाहेर येऊन पाहिलं तर कोणी नाही.”

राजापूरचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेसात.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करून हेलनने सगळ्यांना सीडी पाठवली होती. ती माझ्याकडे आहे, त्या ड्रॉवरमध्ये. नाही तनय, आज नाही लावायची. हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत होतो, कान शाबूत होते, त्या नावानंतर तिथे कुणी हूं की चूं केलं नव्हतं. पण सीडीवर नाव येतं, आणि त्याच्या मागोमाग, झोपेतून उठल्यासारख्या मधूच्या आवाजात...

“हाय.”